पांझरेत टाकलेली पन्नी खरंच समुद्रात पोचते का?

पांझराकाठ (धुळे)
मंडळी, प्रश्न माझा नाही, मुलीचा आहे. सातवीत आहे. शाळेत प्रकल्प दिलाय, ‘प्लास्टिक आणि समुद्र’. तिने चार्टवर कासव काढलं, व्हेल काढला, निळं पाणी रंगवलं. मग ब्रश खाली ठेवून विचारते, “पप्पा, आपल्याकडे कुठे समुद्र आहे?”

मी लगेच मास्तरकी केली. गल्लीतली गटार नाल्यात, नाला पांझरेत, पांझरा मुडावदला तापीत, तापी सुरतेपुढे समुद्रात. ती शांतपणे म्हणाली, “पण पांझरेत पाणीच नसतं ना.”

आता काय बोलणार? खरंच आहे. वर्षाचे आठ महिने पात्रात कुत्री झोपतात आणि पोरं क्रिकेट खेळतात. रविवारी तिला घेऊन पात्रात उतरलो. पूर कुठवर आला होता ते सांगायला कुठल्या खात्याच्या पट्टीची गरज नाही. बाभळींना जिथवर प्लास्टिकच्या पन्न्या लटकल्यात तिथवर पाणी आलं होतं. काही तर माझ्या डोक्याच्या वर फडफडत होत्या.

तर विचारतो. हे सगळं खरंच समुद्रात जातं, की आपण उगाच समुद्राच्या नावाने गळा काढतो? आणि जात नसेल तर जातं कुठे?

भो_खान्देशी
भाऊ, आमनी नदीमा पानी नही, निस्त्या पन्न्या शेतस. नदी कसाले म्हनतस तिले?

पुण्यात_मूळ_अमळनेर
मुलीला सांगा काळजी करू नको. समुद्रातलं ९० टक्के प्लास्टिक फक्त १० नद्यांमधून येतं असा अभ्यास आहे. यांगत्से, सिंधू, गंगा, नाईल, मेकाँग वगैरे. त्यात तापी नाही, पांझरेचा तर प्रश्नच नाही. आपला वाटा नगण्य. खरा प्रश्न मोठ्या देशांचा आणि मोठ्या नद्यांचा आहे.

बोरीकाठ
@पुण्यात_मूळ_अमळनेर, तुमच्या अमळनेरच्या बोरी नदीच्या पुलावरून जाताना एकदा खाली बघा म्हणजे नगण्य कशाला म्हणतात ते कळेल.

गिरणामाय
पर्यावरणशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. हा ‘१० नद्या’चा आकडा व्हॉट्सॲपवर इतका फिरलाय की आता तो खोडून काढणं हे वेगळंच काम झालंय.

तो अभ्यास २०१७ चा. त्यात म्हटलं होतं की नद्यांमधून जेवढं प्लास्टिक समुद्रात जातं, त्यातलं ८८ ते ९५ टक्के वरच्या १० नद्यांमधून जातं. समुद्रातल्या सगळ्या प्लास्टिकबद्दल तो बोलतच नव्हता. किनाऱ्यावरून थेट पडणारं आहे, मासेमारीची जाळी आहेत, ती वेगळी. पॅसिफिकमधल्या त्या प्रसिद्ध कचऱ्याच्या पट्ट्यात तर वजनाने ४६ टक्के नुसती जाळी निघाली, असं २०१८ च्या अभ्यासात आहे.

दुसरं, २०२१ मध्ये नवा अंदाज आला. त्यात नदी किती मोठी यापेक्षा कचरा नदीपासून किती जवळ पडतो, उतार किती, पाऊस किती, तिथून समुद्र किती लांब, हे सगळं धरलं. मग चित्र उलटलं. ८० टक्के वाटा उचलायला १० नव्हे, १००० हून जास्त नद्या लागतात, आणि त्यात शहरांमधून वाहणाऱ्या लहान नद्या खूप आहेत. नद्यांमधून जाणारं एकूण प्लास्टिक वर्षाला ८ ते २७ लाख टन. अंदाज किती ढोबळ आहे ते या दोन आकड्यांतल्या अंतरावरूनच बघा.

पण समुद्र लांब असला की वाटा घटतो, हेही त्याच अभ्यासात आहे. त्यामुळे पांझराकाठच्या मुलीची शंका बरोबर आहे. तिला माझ्याकडून शाबासकी.

पुण्यात_मूळ_अमळनेर
बरं, चूक मान्य. आकडा फॉरवर्डमधलाच होता.

भो_खान्देशी
पुणेकरनी चूक मान्य करी! हाऊ धागा वर पिन करा.

सुरतवासी_शिरपूरकर
मी तापीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. २२ वर्षं झाली, लिंबायतमध्ये. आमच्या गल्लीत निम्मी घरं खान्देशातली, शेजारचे नंदुरबारचे, समोरचे पारोळ्याचे. त्यामुळे तुमचा कचरा इकडे येतो का, हे बघायचा अधिकार मला आहे असं समजा.

डुमसला किनाऱ्यावर जा. काळी वाळू, आणि भरतीची रेघ जिथे संपते तिथे प्लास्टिकची दुसरी रेघ. पण खरं सांगू, धुळ्याच्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी मला अजून एकही दिसली नाही. दिसतो तो सुरतचा माल. पाण्याचे पाऊच, चहाचे कप, नारळपाण्याच्या नळ्या, आणि झबला. इकडे कॅरीबॅगला झबला म्हणतात. वर भरती आली की समुद्र सगळं परत नदीच्या तोंडात ढकलतो. ओहोटीला जातं, भरतीला येतं. आमचं प्लास्टिक रोज अपडाऊन करतं.

शिवाय तुमच्या-आमच्यामध्ये काय काय आहे ते मोजा. सारंगखेडा बॅरेज, प्रकाशा बॅरेज, मग उकाईचं एवढं मोठं धरण, खाली काकरापार, आणि शहराजवळ सिंगणपोरचा कॉजवे. एवढे टोलनाके पार करून पन्नी येणार कशी?

तापीकर_भुसावळ
टोलनाके हिवाळ्यात. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की टोलनाका नसतो, हायवे असतो. एकदा बघायला या. पहिल्या पुराचं पाणी चहासारखं, आणि वर जो फेस दिसतो त्यातला निम्मा फेस थर्माकोलचा.

केळीवाला_रावेर
शहरवाल्यांनी पिशव्यांवर खूप गप्पा मारल्या, आता शेतकऱ्याचंही ऐका. खरं बोललो तर माझेच लोक शिव्या देतील, पण बोलतो.

आमच्याकडे शेतात किती प्लास्टिक आहे? टिश्यूकल्चरचं रोप येतं ते काळ्या पिशवीत. ठिबकच्या नळ्या. घड निसवला की त्याला स्कर्टिंग बॅग, नाही तर डाग पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. खताची गोणी, आत अस्तराची पिशवी. औषधाच्या बाटल्या. आणि केळी काढून टरबूज किंवा मिरची लावली की मातीवर अंथरायचा मल्चिंग पेपर. नाव पेपर, पण आहे प्लास्टिकच.

यातल्या ठिबकच्या जुन्या नळ्यांना कोणी हात लावत नाही असं समजू नका. भंगारवाला बांधावर येऊन वजन करून नेतो, रोख पैसे देतो. गोण्या घरी धान्याला लागतात. मेलं कुठे? मल्चिंग पेपरवर. २५-३० मायक्रॉन जाडीचा. तीन-चार महिन्यांत उन्हाने असा होतो की उचलायला गेलं की हातात चिंध्या. त्याला माती चिकटलेली, मुळं चिकटलेली. भंगारवाला बघून हसतो. एकरभर पेपर गोळा करायला चार बायांची दिवसाची मजुरी जाते आणि हातात येतो शून्य रुपयाचा ढीग. मग एकतर बांधावर पेटवायचा, नाहीतर नाल्याच्या काठाला लावायचा. नाला पुढचं बघून घेतो.

मी पेटवतो. माहीत आहे चूक आहे. धुरात काय काय असतं तेही वाचलंय. पर्याय सांगा, उपदेश नको.

आणि गंमत बघा. बाजारातल्या पिशवीला १२० मायक्रॉनचा कायदा, आणि शेतात २५ मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरायला हरकत नाही.

शेतकरीपुत्र_चोपडा
@केळीवाला_रावेर, दादा, मल्चिंग नसतं तर तण काढायलाच मजूर मिळत नाही, पाणी दुप्पट लागतं. शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

केळीवाला_रावेर
अरे बाबा, पिंजऱ्यात मी स्वतःच उभा आहे. तू नको येऊ, जागा कमी आहे.

चटईवाला
जळगावात एमआयडीसीत चटईचं छोटं युनिट आहे. हा धागा वाचून वाटलं, जिथून प्लास्टिक संपतं असं लोकांना वाटतं, तिथून आमचं सुरू होतं.

जळगावची प्लास्टिकची चटई तुम्ही सगळ्यांनी वापरली असेल, लग्नात, सत्यनारायणाला, गच्चीवर झोपायला. तिच्यात बराच माल जुन्या प्लास्टिकचा असतो. भंगार येतं, बाया बसून त्याची निवड करतात, एलडी वेगळं, एचडी वेगळं, पीपी वेगळं, या प्लास्टिकच्या जाती. मग ते धुणं, कापणं, वितळवणं, आणि त्याचा दाणा. दाण्यापासून पोकळ नळी ओढतात, ती नळी मागावर विणली की चटई. माझ्याकडे निवडायला ज्या बाया आहेत त्या नुसतं चुरगाळून आवाजावरून सांगतात कुठला माल आहे. खडखडला तर एचडी, मऊ राहिला तर एलडी. इंजिनीयर लागत नाही.

आता मुद्दा. रस्त्यावर दुधाची पिशवी किती वेळ पडून राहते? तासभर नाही. पाण्याची बाटली? कोणीतरी उचलतंच. कारण तिला भाव आहे. नदीत जाऊन बघा, तिथे फक्त तेच सापडेल ज्याला भंगारात भाव नाही. वेफरचं पाकीट, गुटख्याची पुडी, शाम्पूची पुडी, पातळ पन्नी, थर्माकोल. पाकीट आतून चंदेरी असतं ना? त्यात दोन-तीन जातींचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करता येत नाहीत. आमच्या मशिनला ते चालत नाही. पातळ पन्नी चालते, पण किलोभर व्हायला किती वेचायच्या? वेचणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी सुटत नाही, मग ती कशाला वाकेल?

लोक म्हणतात जनतेला शिस्त नाही. मी म्हणतो, बाटलीच्या बाबतीत हीच जनता एवढी शिस्तीची कशी?

गिरणामाय
@चटईवाला, इतकी वर्षं वर्गात जे शिकवते ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत. उद्याच्या तासाला उचलणार आहे, तुमच्या नावाने.

चटईवाला
नाव नका घेऊ मॅडम, नुसतं ‘एक चटईवाला’ म्हणा. आणि फार मोठंही करू नका आम्हाला. धुतल्याचं पाणी आम्हीही कुठेतरी सोडतोच.

डॉ_ढोरांचा
“जात नसेल तर जातं कुठे” याचं एक उत्तर माझ्याकडे आहे. गाईच्या पोटात.

पशुवैद्यक आहे. शहराच्या कडेला मोकाट फिरणाऱ्या गाई उन्हाळ्यात कुठे चरतात? कोरड्या पात्रातच. घरातलं शिळं, भाजीची देठं, पोळीचे तुकडे पन्नीत भरून, वर गच्च गाठ मारून आपण फेकतो. गाईला गाठ सोडता येत नाही, ती गाठीसकट गिळते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात ते पडून राहतं. पचत नाही, रवंथ होऊन बाहेर येत नाही, पुढे सरकायला वाट अरुंद. वर्षानुवर्षं एकात एक गुंतून दोरखंडासारखा गोळा होतो. गाय पोट भरल्यासारखी दिसते आणि आतून उपाशी असते. दूध आटतं, डावी कूस फुगते.

डाव्या कुशीतून चिरून काढावं लागतं. मी केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये बादल्या भरून काढलंय. एकदा त्यात लग्नाचा अख्खा हार निघाला, प्लास्टिकच्या फुलांचा, नवरा-नवरीच्या नावाच्या चकतीसह. चकती धुऊन वाचली. पंगतीला मी जेवून आलो होतो.

बोरीकाठ
डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून हसू की रडू कळेना.

मास्तर_निवृत्त_साक्री
पांझरेबद्दल चालू आहे म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यात पांझरेवर फड बागायत होती, अजून काही बंधाऱ्यांवर तग धरून आहे. शेकडो वर्षांची पद्धत. बंधारा, त्यातून पाट, पाटावर फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांचं वेतन गावाने द्यायचं, धान्यात.

पाऊस सरला की घरटी माणूस पाट साफ करायला जायचा. वडिलांबरोबर मीही गेलोय. गाळ, लव्हाळ, बेशरमीची झुडपं. फावड्याने काढलं की बांधावर टाकायचं, दोन महिन्यांत त्याचं खत. आता तोच पाट साफ करायला गेलं तर मोरीच्या तोंडाशी बाटल्या आणि पन्न्यांचा बोळा अडकलेला. तो काढून बांधावर टाकला तर पुढच्या वर्षी तिथेच असतो. गेल्या वर्षी टाकलेला मीच ओळखला.

पूर्वीच्या लोकांना नदीचं फार प्रेम होतं वगैरे मी म्हणणार नाही. तेही टाकायचेच. त्यांनी टाकलेलं कुजायचं, एवढाच फरक.

भरीतप्रेमी
थोडं विषयांतर. थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या सुरू. वांगी तुराट्यांवर भाजायची, लाकडी बडजीत ठेचायची, कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. बाजूला एकरभर केळी उभी. आणि जेवायला काय? चंदेरी कागद लावलेल्या प्लेटा! अरे, हात लांब केला तर पान आहे!

केळीवाला_रावेर
आमच्या बागेतली पानं तोडायला परवानगी विचारत नाही कोणी म्हणून प्लेटा आणतात, हे पण लिहा. पान फाडलं की झाडाचं नुकसान होतं साहेब. खालची जुनी पानं घ्या, ती आम्ही तशीही कापतो.

भरीतप्रेमी
खालचं जुनं पान फाटकं असतं, रस्सा गळतो.

केळीवाला_रावेर
भरताला रस्सा कुठून आला???

भो_खान्देशी
आते खरी लढाई सुरू व्हयनी. 🍆

सातपुड्याची_लेक
पळसाच्या पत्रावळी कोणाला आठवतात का? धडगाव, अक्कलकुव्याकडून बायका गठ्ठे घेऊन बाजाराला यायच्या. आमची आजी टाचायची, काडीने. लग्नसराईच्या आधी महिनाभर तेच काम. थर्माकोलची ताटं आली आणि तो बाजार बसला. २०१८ ला राज्यात बंदी आली तेव्हा वाटलं परत उठेल. थोडा उठलाही, पण आता कागदी म्हणून जी ताटं मिळतात त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. आजी असती तर म्हणाली असती, नाव कागदाचं आणि करणी पन्नीची.

किराणा_अन_भुसार
बंदीचा विषय निघालाच आहे तर दुकानदाराचंही ऐका. २३ जून २०१८ पासून राज्यात दंड सुरू. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि ३ महिने आत. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी, काटे-चमचे, नळ्या, थर्माकोलची सजावट, मिठाईच्या डब्यावरचं पातळ आवरण, सगळं. कायदा वाचायला उत्तम.

प्रत्यक्षात काय? पथक आलं की आधी शेजारच्या भाजीवाल्या मावशीची हातगाडी गाठतात. तिच्याकडे पाव किलो पन्न्या. पावती ५ हजारांची. तिचा महिन्याचा नफा तेवढा असेल का शंका आहे. पन्नी बनते कुठे, येते कुठल्या गाडीतून, ते बघायला कोणी जात नाही. माझ्या दुकानात वेफरच्या पाकिटांच्या माळा लटकतात, शाम्पूच्या पुड्यांच्या लटकतात. त्या सगळ्या कायदेशीर. चटईवाले म्हणतात ते बिनभावाचं प्लास्टिक ते हेच.

गिऱ्हाइकाला पिशवी नाही म्हटलं तर तो पुढच्या दुकानात. कापडी ठेवली, १० रुपये म्हटलं, तर म्हणतात “शेठ, १० रुपयाच्या शेंगदाण्याला १० रुपयाची पिशवी?”

पुण्यात_मूळ_अमळनेर
उत्पादकाची जबाबदारी २०१६ च्या नियमांतच आहे. ज्याने पाकीट बाजारात आणलं त्याने तेवढं गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची.

किराणा_अन_भुसार
असेल साहेब. माझ्याकडे माल टाकायला गाडी दर मंगळवारी येते. रिकामी पाकिटं न्यायला अजून एकही गाडी आलेली नाही.

कानबाईचा_भक्त
यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, राग मानू नका. श्रावणात आमची देवी कानबाई बसते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर. माझ्या लहानपणी केळीचे खांब, झेंडू, आंब्याची पानं. आता मखराला प्लास्टिकची फुलं, चमकीच्या माळा. नदीवर गेल्यावर निर्माल्य कशात? पन्नीत. आणि गाठ मारूनच पाण्यात.

जयखान्देश७
दरवेळी आपल्याच सणांवर घसरायचं. बाकीचे काय करतात ते दिसत नाही का? यामागे

*[पुढचा मजकूर संपादकांनी काढला आहे. विषय नदी आहे, नदीवरच राहू या.]*

कानबाईचा_भक्त
भाऊ, कानबाई माझ्याच घरी बसते, चार पिढ्या. रोटांचं पीठ घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मोजून घेतो आम्ही. म्हणूनच बोललो. बसमधून जाताना तापीच्या पुलावर लोक हात जोडतात आणि त्याच हाताने खिडकीतून निर्माल्याची पिशवी भिरकावतात. फुलं पाण्यात गेली तर कुजतील. पिशवीत गेली तर तिथेच सडतात. पिशवी सोडून नुसती फुलं टाका, एवढंच म्हणणं. यात धर्म कुठे बुडाला?

जयखान्देश७
एवढं म्हणणं असेल तर ठीक. आमच्याकडे यंदा पाटीत नेलं होतं.

गवंडी_ते_ठेकेदार
मी फक्त वाचतो इथे, लिहीत नाही. पण मूळ प्रश्नावर एक गोष्ट कोणीच बोललं नाही.

घरं बांधतो. नदीची वाळू आली की आधी चाळतो, प्लास्टरची बारीक, बांधकामाची जाड. वीस वर्षांपूर्वी चाळणीवर काय उरायचं? गोटे, शिंपले, काटक्या. आता शिंपल्यांबरोबर पुड्यांचे तुकडे, पन्नीच्या चिंध्या, बाटलीची झाकणं, पेनाची टोपणं. आणि हे वरच्या थरातलं नाही. जिथे खोल खड्डे करून उपसा झालाय तिथे खड्ड्याच्या कडेला बघा, वाळूत मधेमधे पट्टे दिसतात. एका पुराने वाळू आणली, वर कचरा बसला, पुढच्या पुराची वाळू त्याच्यावर.

चाळणीतून जे खाली पडतं त्यात काय असेल ते मला माहीत नाही. ते भिंतीत जातं. तर पन्नी समुद्रात जाते की नाही हे पुस्तकवाल्यांनी सांगावं. माझ्या हिशोबाने बरीचशी आपल्या घरात परत येते.

मास्तर_निवृत्त_साक्री
या धाग्यातली सर्वात जड पोस्ट.

गिरणामाय
मी दोन दिवस हेच लिहीन म्हणत होते, ठेकेदारांनी माझ्या आधी आणि माझ्याहून चांगलं लिहिलं.

पुस्तकी बाजू थोडक्यात. पिशव्या, गोण्या, झाकणं ही पीई-पीपीची (पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन), पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तरंगतात. बाटलीचं पीईटी पाण्यापेक्षा जड. झाकण लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगते, फुटली की बुडते. पण हलकं प्लास्टिकही कायम तरंगत नाही. त्यावर शेवाळ धरतं, गाळ बसतो, आणि ते तळाला जातं. झाडात अडकतं, काठावर चढतं, बॅरेजमागच्या संथ पाण्यात बसतं. उकाईच्या जलाशयात आपल्याकडचा गाळ जसा जाऊन बसतो, तसंच हेही. तेव्हा अख्खी पन्नी धुळ्याहून डुमसला पोचण्याची शक्यता फार थोडी.

पण पात्रात आठ महिने ऊन खाल्लं की तिचे तुकडे होतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान झाले की मायक्रोप्लास्टिक म्हणायचं. अगदी बारीक कण पाण्याबरोबर जातात, त्यांना टोलनाका अडवत नाही. म्हणजे मुलीला उत्तर असं: पन्नी पोचत नाही, तिचा भुगा पोचतो.

आणि कपडे विसरू नका. समुद्रात थेट बारीक कणांच्या रूपात जे प्लास्टिक जातं, त्यातलं सुमारे ३५ टक्के कृत्रिम धाग्याचे कपडे धुण्यातून, असा आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१७ चा अंदाज आहे. टायर झिजून सुमारे २८ टक्के.

सुरतवासी_शिरपूरकर
थांबा थांबा. म्हणजे साडी इकडे सुरतेत बनते, पॉलिस्टरची. गावाकडच्या बाया ती नेसतात, नदीवर धुतात, आणि धागे तापीतून परत सुरतेला. हा तर माल रिटर्न झाला!

भो_खान्देशी
रिटर्न माल व्यापारी लेत नही. दर्यालेच ठेवना पडी.

शेतकरीपुत्र_चोपडा
मग तापी ७२४ किलोमीटर वाहते ती काय फक्त कुरिअर म्हणून?

पांझराकाठ (धुळे)
मंडळी, आठवडाभर गायब होतो. गवंडीभाऊंची पोस्ट मुलीला वाचून दाखवली, तेव्हापासून घरात मीच प्रकल्पावर आहे.

काल सकाळी परत पात्रात गेलो. ती, तिच्या दोन मैत्रिणी, मी, चार रिकाम्या गोण्या. पुलाच्या खालचा एक तुकडा घेतला, आमच्या अंगणाएवढा. दोन गोण्या भरल्या. घरी अंगणात ओतून चटईवाल्यांच्या पद्धतीने दोन ढीग केले, ‘भाव आहे’ आणि ‘भाव नाही’. गल्लीतल्या भंगारवाल्याला परीक्षक म्हणून बोलावलं. त्याने पायाने उलथापालथ केली. ‘भाव आहे’मध्ये सहा बाटल्या, त्यातल्या दोन चेपलेल्या, एक बादलीचा तुकडा, आणि एक चप्पल. चप्पल त्याने परत दुसऱ्या ढिगात फेकली. बाकी सगळं ‘भाव नाही’. पोरी त्याच्याशी वाद घालत होत्या, “काका, हे पण प्लास्टिकच आहे ना?” तो म्हणाला, “पोरी, प्लास्टिक आहे, माल नाही.”

चार्ट बदललाय. कासव आणि व्हेल वर कोपऱ्यात राहिलेत, ते पुसायला तयार नाही. खाली बाभूळ काढली, पन्न्या लटकलेली. गाय काढली, पोटात खिडकी पाडून. आणि भिंत काढली, चाळणीसकट. बाई म्हणाल्या, विषय ‘समुद्र’ होता, तुझ्या चित्रात समुद्र एवढासाच का? तिने काय सांगितलं ते मला अजून सांगितलेलं नाही.

तो ‘भाव नाही’चा ढीग मात्र अजून अंगणात आहे. घंटागाडीवाल्याने नेला तर तो परत कुठे ओतला जाईल ते मला ठाऊक आहे, नदीच्याच काठी. काय करू?

केळीवाला_रावेर
@चटईवाला, हाच माझाही प्रश्न. माझा मल्चिंग पेपर आणि यांचा ढीग. एकटा-दुकटा कोणी घेत नाही हे कळलं. पण समजा आम्ही गावातल्या पंधरा-वीस शेतकऱ्यांनी पेपर एकत्र केला, माती झटकून, ट्रॉलीभर. मग?

चटईवाला
मल्चिंगचा पेपर एलडी जातीचा असतो, म्हणजे जात वाईट नाही, माती वाईट. माझ्याकडे चालणार नाही, पण काळे पाइप आणि जाड ताडपत्रीचा दाणा करणारा एक ओळखीचा आहे. विचारून सांगतो. भाव मिळेल असं धरू नका, भाडं सुटलं तरी पुष्कळ.

पांझराकाठ, तुमच्या चंदेरी पाकिटांचं माझ्याकडे उत्तर नाही. ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळतात म्हणे, पण दोन गोण्यांसाठी कोण येणार?

किराणा_अन_भुसार
माझ्याकडे पाठवा. मंगळवारी गाडी येते तेव्हा ड्रायव्हरच्या पुढ्यात ठेवतो, म्हणतो तुमचाच माल आहे, रिटर्न.

भो_खान्देशी
शेठ, व्हिडिओ काढज्यात!

चटईवाला
@केळीवाला_रावेर, विचारलं. ट्रॉली आणा म्हणाला, आधी एकच. एक अट आहे. पेपर दोन दिवस उन्हात वाळवून, झटकून आणा. ओला आणला तर गेटवरूनच परत.

केळीवाला_रावेर
वाळवायला ऊन भरपूर आहे. झटकायला माणसं बघतो. @भरीतप्रेमी, रविवारी मोकळे आहात का? भरीत माझ्याकडून. प्लेटा आणू नका.

भरीतप्रेमी
येतो. पान मात्र वरचं पाहिजे.